साडेनऊ वर्षं झाली, नक्षी शाबूत आहे. गणपतीआधी टायर बदलू का?

पार्लेकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न टायरचा आहे, पण आमच्या घरात तो आता टायरचा राहिलेला नाही.

गाडी २०१२ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, १६५/८० आर १४. एकूण ५२,००० किलोमीटर. त्यातले ३८,००० पहिल्या साडेचार वर्षांतले, तेव्हा हे आठवड्यातून तीनदा गाडी घेऊन ठाण्याच्या साइटवर जायचे. चारही टायर डिसेंबर २०१६मध्ये बदलले. बिल माझ्याकडे आहे, बँकेत ३४ वर्षं काढल्यावर माणूस कागद टाकत नाही. त्यानंतर फक्त १४,००० किलोमीटर, म्हणजे वर्षाला दीड हजारसुद्धा नाही. दर दुसऱ्या रविवारी आईकडे बोरिवलीला, आणि गणपतीला राजापूर. एरवी गाडी सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीकडेला उघड्यावर, दुपारचं ऊन एका अंगाला.

ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी मी चालवते. मागच्या मंगळवारी पावसात सर्व्हिस रोडला पुढची रिक्षा अचानक थांबली. मी जेमतेम पस्तीसवर असेन. ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी साबणावरून सरकावी तशी सरकली. चार बोटं अंतर राहिलं. रिक्षावाला मागे वळून बघत हसला, तेवढ्यावर निभावलं.

ह्यांचं म्हणणं, "तू ब्रेक जोरात दाबलास." मग खाली जाऊन नक्षीत रुपयाचं नाणं उभं करून दाखवलं. बघ, केवढी खोल आहे, नवाकोरा टायर आहे. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणतो, "मॅडम, पाच साल और चलेगा." हायवेवरचा चकचकीत दुकानवाला टायरकडे न बघताच म्हणाला, चारही बदला, वर अलाइनमेंट, वर नायट्रोजन, साडेसतरा हजार. एकाला मला नाराज करायचं नाही, दुसऱ्याला मला विकायचंय. खरं कोण सांगतोय ते कळेना.

त्यात गाडीची आरसी एप्रिल २०२७मध्ये संपते. पंधरा वर्षं होतील. आठ महिन्यांसाठी साडेसतरा हजार घालायचे का?

गणपती १४ सप्टेंबरला. आम्ही १२ला पहाटे निघणार. पाच माणसं आणि डिकी भरून सामान.

---

सँट्रोवाला

ताई, टायर म्हणजे दूध नाही, तारीख उलटली म्हणून ओतून द्यायला. माझ्या सँट्रोचे टायर बारा वर्षांचे आहेत, एक पंक्चर सोडलं तर तक्रार नाही. कडेला भेगा दिसतात का? नसतील तर बिनधास्त जा. कंपन्यांना माल खपवायचा असतो, म्हणून ह्या तारखा.

---

क्युअरिंगवाले काका

सँट्रोवाले, दूध नासलं की वास येतो. टायरला येत नाही, हीच अडचण आहे.

ताई, मी २६ वर्षं टायरच्या कारखान्यात होतो, बरीचशी क्युअरिंग प्रेसवर. म्हणजे कच्चा टायर साच्यात घालून शिजवतात तिथे. त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

यजमानांचं नाणं खोटं बोलत नाही, पण ते फक्त झीज सांगतं. नक्षीच्या खाचांत आडवे छोटे उंचवटे असतात, टायरच्या खांद्यावर टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं त्या रेषेत. नक्षी झिजून त्यांना टेकली की १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. तुमचा टायर ह्या कारणाने कधीच संपणार नाही. वर्षाला दीड हजार किलोमीटरने तो झिजायला तुमच्या नातवंडांची लग्नं व्हावी लागतील. तो म्हातारपणाने जाणार.

रबरात आम्ही मेण आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं घालतो. टायर फिरतो तेव्हा प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि सुटतो, त्या हालचालीने ही द्रव्यं आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि रबराला राखतात. टायरच्या कडेला तपकिरी झाक येते, लोक मळ समजून ती ब्रशने घासून काढतात, ती बऱ्याचदा हीच असते. गाडी महिनामहिना उभी राहिली की हा पुरवठा मंदावतो. वरून ऊन आणि गरमी. म्हणून रोज पळणारी टॅक्सी दोन-तीन वर्षांत टायर झिजवून टाकते पण तिचं रबर तोवर जिवंत असतं, आणि उभ्या गाडीचा टायर दिसायला तरुण नि आतून लाकूड.

आणि आतून म्हणतो ते खरोखर आतून. टायरमध्ये हवा दाबाखाली असते. त्यातला ऑक्सिजन रबरातून हळूहळू बाहेरच्या दिशेने झिरपतो आणि जाता जाता रबर कडक करतो. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे दोन पट्टे असतात, त्यांच्या कडांमधलं रबर सगळ्यात जास्त सोसतं. तिथे बारीक चीर पडली तर बाहेरून काही दिसत नाही. बोरिवलीच्या फेरीत ती काही करणारही नाही. पण पाच माणसं, भरलेली डिकी, तीन-चार तास सलग वेग, टायर तापलेला, अशा वेळी ती चीर पुढे सरकते आणि नक्षीचा अख्खा पट्टा सालीसारखा सुटतो.

तुमच्या गाडीची गोम हीच आहे. ती कमी चालते हे खरं, पण वर्षातून एकदा जी चालते ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड चाल असते.

ब्रेकचं म्हणाल तर तुम्ही जोरात दाबला असेलही. पण कडक झालेलं रबर ओल्या रस्त्याला चिकटत नाही. नक्षी पाणी बाजूला सारते, धरून ठेवायचं काम मऊ रबराचं.

आता एक काम करा. बिलावर जाऊ नका, टायर वाचा. कडेला डीओटीने सुरू होणारी अक्षरांची ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ही चौकट बऱ्याचदा एकाच बाजूला असते आणि ती नेमकी आत गेलेली असू शकते. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवा. मागच्यांसाठी सतरंजी घालून आडवं व्हावं लागेल. स्टेपनीही बघा. मग बोलू.

---

गिअरबदलू

पॉल वॉकर आठवतोय? २०१३मध्ये ज्या पोर्शेच्या अपघातात तो गेला तिचे टायर नऊ वर्षांचे होते. वेग अफाट होता, मुख्य कारण तेच, पण तपासात टायरचं वयसुद्धा आलं होतं. शोरूमसारखी ठेवलेली गाडी होती ती.

---

पार्लेकरीण

गिअरबदलू, आमच्या स्विफ्टचं नाव पोर्शेबरोबर घेतल्याबद्दल हे दिवसभर खूश आहेत.

काका, सकाळी साडेसहाला सतरंजी आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली गेले. वॉचमनला वाटलं मांजराचं पिल्लू अडकलंय, तोही शेजारी आडवा झाला.

तीन टायरवर ३११६. म्हणजे ऑगस्ट २०१६, ह्या महिन्यात बरोबर दहा वर्षं. ठीक.

मागच्या डाव्या टायरवर ०९१५!

फेब्रुवारी २०१५चा टायर डिसेंबर २०१६मध्ये मला नवा म्हणून विकला. पावणेदोन वर्षं दुकानात पडलेला. बिलावर चौघांची किंमत सारखी. दहा वर्षांनी कळतंय आणि तरीही राग येतोय.

स्टेपनी १११२. मार्च २०१२. गाडीबरोबर आलेली, एकदाही लावलेली नाही. तिच्या अंगावर अजून ते रबराचे बारीक केस आहेत. हे म्हणाले, बघ, हिला तर हातही लागला नाही.

भेगा: बाहेरून बघता ३११६वाल्यांवर अगदी बारीक, केसासारख्या. ०९१५ बाहेरून सगळ्यांत चांगला दिसतो, तो भिंतीकडच्या बाजूला असतो.

---

हातखंबा तिठा

ताई, स्टेपनीवरून माझी गोष्ट ऐका.

२०२२चा गणपती. टायर आठ वर्षांचे, नक्षी भरपूर, मी पण नाणं घालणाऱ्यांपैकी. माणगाव सोडलं आणि स्टिअरिंगमध्ये डगडग यायला लागली. आता मुंबई-गोवा हायवेला डगडग आली म्हणून कोण गाडी थांबवतो? मी म्हटलं रस्ता. बायको म्हणाली, नवीन सिमेंटचा तुकडा लागला तरी थांबत नाहीये. तरी मी रेटली. लोणेरे गेलं आणि धडाड. बघतो तर नक्षीचा हातभर पट्टा सुटून मडगार्डला गुंडाळलेला.

नशीब की पुढेमागे गाड्यांची रांग होती, वेग पन्नासवर होता.

पाऊस. डिकीतलं सगळं सामान रस्त्याच्या कडेला, मखराचा थर्माकोल भिजतोय, मोदकपात्र, आईची औषधं. सगळ्याच्या तळाशी स्टेपनी. काढली, लावली, जॅक उतरवला, गाडी रिमवर बसली. तीन वर्षं तिच्यात हवा बघितली नव्हती. एका टेम्पोवाल्याने कॉम्प्रेसर असलेल्या माणसाला फोन केला, तो यायला दोन तास.

तेव्हापासून माझे नियम. डगडग, एका बाजूला ओढणं किंवा टायरला फुगा दिसला तर त्याच जागी थांबायचं. टायर उभ्या उभ्या महिन्याला एक-दोन पीएसआय हवा सोडतो, तेव्हा महिन्यातून एकदा गार टायरवर हवा बघायची. भरल्या गाडीला हवा वेगळी लागते, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आकडे असतात. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि काका म्हणतात ती चीर तिथेच पुढे सरकते. भोस्ते घाट, परशुराम घाट भरल्या गाडीने उतरताना हे सगळं आठवतं बघा, पण तेव्हा आठवून उपयोग नसतो.

---

हिशेबी माणूस

भावना बाजूला ठेवू. आरसी आठ महिन्यांत संपते. पुढे गाडी ठेवायची तर आरटीओत तपासणी, पुनर्नोंदणी, हरित कर, एवढं करून पाच वर्षं मिळतील. ठेवायची नसेल तर नव्या टायरचा एक रुपयाही गाडीच्या किमतीत मिळत नाही. त्यापेक्षा कुर्ल्याला सीएसटी रोडला चांगले सेकंड-हँड टायर मिळतात, निम्म्याहून कमी भावात. नाहीतर दोनच नवे घ्या आणि पुढे लावा, ब्रेक आणि स्टिअरिंग पुढेच असतं.

नवे घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८वरून १८ टक्के झालाय. जुना भाव कोणी सांगत असेल तर विचारा. आणि विम्याच्या भरवशावर राहू नका. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही, गाडीलाही त्याच वेळी इजा झाली असेल तरच, तेही बदलाच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत.

---

क्युअरिंगवाले काका

हिशेबीपंत, विमा आणि कराचं बरोबर. सेकंड-हँडचं अजिबात नाही. आधीचा मालक हवा किती ठेवायचा, खड्ड्यात कितीदा आपटला, आत ठिगळ आहे का, काही कळत नाही. अनोळखी म्हातारा काढून दुसरा अनोळखी म्हातारा लावायचा, फक्त हा काळं पॉलिश लावून बसलेला.

आणि दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावतात, पुढे नाही. पंचवीस जणांना सांगितलं की चोवीस जण वाद घालतात. पुढची चाकं पाण्यावर घसरली तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते, पाय उचलला की बरेचदा सावरता येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. पण ताईंच्या गाडीत हा प्रश्नच नाही, चारही काढायचेत.

ताई, काही गाडी कंपन्या सहा वर्षंच म्हणतात. मोठ्या टायर कंपन्यांचा साधारण सल्ला असा: वापराची पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि तयार झाल्याच्या तारखेपासून दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढा. स्टेपनीसकट. मधल्या काळात निर्णय डोळ्याने आणि हाताने करायचा, भेगा, कडकपणा, फुगा, गाडी कुठे उभी असते, कुठे जाते. सँट्रोवाल्यांसारखे बारा वर्षं काढणारे भेटतात. दहाव्या वर्षी प्रत्येक टायर फुटतो असं कोणीच म्हणत नाही. फक्त त्यानंतर कोण फुटेल ते बाहेरून ओळखायची सोय राहत नाही.

तुमच्याकडे निर्णय करायला काही उरलेलं नाही. तुम्ही फक्त दुकान निवडायचं.

१११२ला हात लागला नाही हेच तिचं दुखणं. तिचे केस मोजू नका.

दुकानात टायर रिमवर चढवायच्या आधी पाचही टायरचे आकडे वाचा. नीट साठवलेला सहा-आठ महिन्यांचा टायर चालेल, त्यात नाक मुरडू नका. रबरी व्हॉल्व्हही नवे घाला, त्याचंही रबर त्याच वयाचं आहे. नायट्रोजन घ्या न घ्या. ऑक्सिजन कमी म्हणून आतून म्हातारपण थोडं सावकाश येतं, एवढंच. हवा बघायची टळत नाही.

---

सँट्रोवाला

काका, मी आत्ता खाली जाऊन बघितलं. ४५१३. बारा नाही, पावणेतेरा. भेगा आहेत. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

---

पार्लेकरीण

झालं एकदाचं, म्हणून लिहायला बसले.

आधी आरसीचं. रात्री वहीत मांडून बघितलं. गाडी एप्रिलमध्ये विकली तर टायरचा खर्च एका राजापूर फेरीवर पडतो, पाच माणसांवर. पाच माणसांची रेल्वेची तिकिटं आता मिळणार नाहीत, गाडी भाड्याने घेतली तर गणपतीच्या दिवसांत तिचाही आकडा ह्याच्या आसपास जातो आणि तिच्या टायरवर काय लिहिलंय ते कोण सांगणार? पुनर्नोंदणी केली तर पाच वर्षं वापरता येतील. हे म्हणाले, केलीच पाहिजे. गाडी विकायचा विषय निघाला की ह्यांचा आवाज बदलतो, तेव्हा तेही ठरल्यात जमा.

मग दुकान. हायवेवाल्याकडे गेले, कारण त्याने भाव लगेच उतरवला. पोऱ्याने आतून चार टायर घरंगळत आणले. मी चष्मा लावून बसलेच खाली. दोन १९२६, दोन ४०२३. म्हटलं हे दोन तीन वर्षं जुने आहेत. मालक म्हणाला, "मॅडम, गोडाऊनमधला टायर जुना होत नाही." म्हटलं, मग ह्या दोघांचे वेगळे पैसे लावा. तर म्हणाला, किंमत सगळ्यांची सारखीच असते. हे वाक्य २०१६मध्ये मी ऐकलं असणार, फक्त तेव्हा मला अर्थ कळला नव्हता. उठले.

अंधेरीला दुसऱ्या एका लहान दुकानात गेले. तिथल्या मुलाला आकडे विचारले तर त्याने स्वतःच टॉर्च मारून दाखवले, पाचही २१२६. पाच टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून बावीस हजारांना थोडे कमी. नायट्रोजन नाही घेतला.

जुने टायर उतरवत होता तेव्हा मी बाजूलाच उभी. ३११६ तिन्ही ठीकठाक, म्हणजे वयाच्या मानाने. मग तो ०९१५ उतरवून आतली कड बाहेर केली आणि आम्ही तिघंही गप्प. आतल्या खांद्याला बोटभर अंतरावर भेगा, एक तर इतकी खोल की मुलाने त्यात नख घातलं आणि ते आत गेलं. सतरंजीवर आडवी झाले होते तेव्हा मी फक्त आकड्यांवर टॉर्च मारला होता, कडेकडे बघितलंच नव्हतं. ह्याच टायरवर मागच्या वर्षी परशुराम घाटातून उतरलो, मागच्या सीटवर सून सात महिन्यांची गरोदर. सँट्रोवाले, बायकोला आजच सांगा.

व्हॉल्व्ह वाकवून दाखवले. चारांपैकी दोघांच्या बुडाशी चिरा.

स्टेपनीवरून शेवटची लढाई झाली. मुलगा जुन्या पाच टायरचे मिळून हजारभर द्यायला तयार होता. हे म्हणाले, चार दे, स्टेपनी नको देऊस, नवीकोरी आहे. घरी आणून ठेवली आहे, गॅलरीत, शेवंतीच्या कुंड्यांच्या मागे. मी म्हटलं गाडीत दिसली तर मी चालवणार नाही. ते त्यांना मान्य आहे.

काल रविवारी बोरिवलीला गेलो. पाऊस होताच. जोगेश्वरीपर्यंत मी मुद्दाम काही बोलले नाही. गाडीत जो सारखा घरघर आवाज असायचा, इंजिनाचा म्हणून आम्ही सोडून दिला होता, तो बंद. जोडांवरून जाताना हिसका नाही. ब्रेक दोनदा मुद्दाम दाबून बघितला, मागे कोणी नाही बघून. जागच्या जागी.

गोरेगाव गेलं तेव्हा हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "हायवे नवीन केलाय वाटतं."